ॲम्प बदलण्याआधी हे करून बघा, पटलं नाही तरी

गिटारचा शंभर वॅटचा ॲम्प पन्नास वॅटच्या दुप्पट मोठा वाजत नाही. फरक फक्त ३ डेसिबलचा पडतो, म्हणजे 'जरा वाढवलं का रे?' असं कुणीतरी विचारावं एवढाच. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी वॅट दहापट हवेत. हे ऐकून बरेच जण तोंड वाकडं करतात, कारण ॲम्प घेतलेला असतो वॅटचा आकडा बघून.

खरा आकडा स्पीकरच्या माहितीपत्रकात असतो. १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल, तो. ९७ डेसिबलचा स्पीकर काढून १०० डेसिबलचा बसवला, की ॲम्पचे वॅट दुप्पट केल्याइतकाच फरक पडतो. सेलेस्टियनचा व्हिंटेज ३० हा १०० डेसिबलचा. म्हणजे सिडकोतल्या वन बीएचकेमध्ये त्याला एकच वॅट दिला तरी शेजारच्या काकू दारात येतील. घरासाठी ५ वॅटचा ट्यूब (काचेच्या तापणाऱ्या नळ्यांवर चालणारा) ॲम्पही जास्तच आहे. मांडवात १५ वॅटचा ट्यूब किंवा ४०-५० वॅटचा ट्रान्झिस्टर ॲम्प पुरतो, कारण लोकांपर्यंत आवाज पोचवायचं काम माइक आणि साउंडवाल्याचे टॉप-बेस (मोठे स्पीकर) करतात. स्पीकर बदलताना ओहम (विजेला होणाऱ्या अडथळ्याचा आकडा) तेच ठेवा, ८ च्या जागी ८. आणि स्पीकरचे वॅट ॲम्पच्या दीडपट-दुप्पट असू द्या, कारण व्हॉल्यूम फुल्ल केल्यावर ॲम्प पाटीवरच्या आकड्यापेक्षा जास्त ताकद बाहेर टाकतो.

आता एक फुकटची दुरुस्ती. बारा इंची स्पीकरमधले उंच सूर बॅटरीच्या झोतासारखे सरळ समोर जातात. ॲम्प जमिनीवर असेल तर तो झोत तुमच्या पोटरीवरून पुढे निघून जातो. तुम्हाला आवाज दबलेला वाटतो, तुम्ही ट्रेबल चढवता आणि पहिल्या रांगेतले लोक कानात बोटं घालतात. व्हॉल्यूम कमी ठेवून दुसऱ्याला वाजवायला सांगा आणि स्पीकरच्या समोर दीड मीटरवर उकिडवे बसून ऐका. तो आहे तुमचा खरा आवाज.

इलाज सोपा आहे आणि द्राक्षाच्या क्रेटांना नाशकात काय तोटा! क्रेट पालथा घाला, वर दुहेरी गोणपाट टाका (नाहीतर प्लॅस्टिक थरथरून स्वतःच वाजायला लागतं) आणि त्यावर ॲम्प ठेवा. ॲम्पचं तोंड कानाच्या दिशेने वळेल इतपत तो मागे कलता करा, कलतेपणासाठी पुढच्या कडेखाली लाकडी पट्टी सरकवा. मोठा ट्यूब कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) २० किलोच्या पुढे जातो, तेव्हा तो दोरीने क्रेटला बांधाच. जमिनीपासून उचलल्यावर बेस थोडा कमी होतो, ही चांगलीच गोष्ट. स्लॅब आणि टाइल्सच्या खोलीत ॲम्प कोपऱ्यात ठेवला की खालचे सूर फुगतात. भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे ओढला तरी बराच चिखल निघून जातो.

मिडचं, म्हणजे मधल्या सुरांचं प्रकरण जरा सविस्तर घेऊ, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. 'बँडमध्ये माझा आवाजच येत नाही' म्हणून लोक मोठा ॲम्प घेतात. घरी एकट्याने वाजवताना बेस ८, मिड २, ट्रेबल ७ हे सेटिंग गोड लागतं. तेच घेऊन स्टेजवर गेलं की गिटार गायब. गणपतीत शेजारी नाशिक ढोल सुरू असेल तर बघायलाच नको. खालचा सगळा थर ढोल खातो, वरची कडकड ताशाची आणि झांजांची. गिटारला उरते मधली जागा, साधारण ५०० हर्ट्झ ते २ किलोहर्ट्झ, आणि नेमकी तीच तुम्ही कापून ठेवलेली असते.

दुसरी गोम अशी की फेंडर-मार्शल पद्धतीच्या ॲम्पवर तिन्ही नॉब ५ वर ठेवले तरी आवाज 'सपाट' नसतो. त्या सर्किटमध्ये नॉब फक्त कमी-जास्त कापतात, काही वाढवत नाहीत, आणि मधल्या ५ वर मिडला चांगलाच खड्डा पडलेला असतो. फेंडर सर्किट सपाटीच्या जवळ येतं ते मिड १० आणि बेस-ट्रेबल अगदी खाली, १-२ वर असताना. म्हणून सुरुवात अशी करा: बेस २, मिड ८, ट्रेबल ४. गेन (आवाज फाटवणारा नॉब) नेहमीपेक्षा एक-दीड घर कमी. आता बास आणि ड्रम सुरू करायला सांगा आणि मगच व्हॉल्यूम वाढवा. कर्कश वाटलं तर आधी ट्रेबल उतरवा, मिडला हात लावू नका. पोकळ वाटलं तर बेस अर्धं घर चढवा, पण बास वाजवणाऱ्याकडे बघून. ट्यूब स्क्रीमर (आवाज किंचित फाटवणारं पेडल) असेल तर ड्राइव्ह १-२ वर आणि लेव्हल ७-८ वर ठेवा. ते पेडल सुमारे ७२० हर्ट्झच्या खालचे सूर कमी करून मधला भाग पुढे आणतं. एकट्याने वाजवताना हे सेटिंग नाकात बोलल्यासारखं वाटेल, आणि म्हणूनच घरी बसून सेटिंग करायचं नाही.

ट्यूब की ट्रान्झिस्टर? रोलँडचा जेसी-१२० आला १९७५ मध्ये, पूर्ण ट्रान्झिस्टरचा, आणि स्वच्छ आवाजासाठी आजही लोक त्याचंच उदाहरण देतात. ट्रान्झिस्टर म्हणजे शिकाऊ माणसाचा ॲम्प, हा गैरसमज सोडून द्या. शिवाय आपल्याकडे विजेचा प्रश्न आहे. ट्यूबच्या हीटरला ६.३ व्होल्ट लागतात. मांडवात लांबच्या वायरीमुळे २३० चे १९० झाले की हीटरला मिळतात ५.२, आणि आवाज मलूल होतो. रात्री लोड उतरून २५० झाले की तेच ६.८५ होतात, म्हणजे चालण्याच्या हद्दीच्या काठावर. सतत गावोगाव कार्यक्रम करणाऱ्यांनी चांगला ट्रान्झिस्टर ॲम्प किंवा मॉडेलर (इतर ॲम्पच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारा) घ्यावा, ट्यूबचा हट्ट धरू नये. ट्यूब घ्यायचाच तर स्टॅबिलायझरसकट घ्या, आणि स्पीकर न जोडता तो कधीही चालू करू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो आणि तो गुंडाळून घ्यायला गेलात की खर्च कळेलच.

अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा ॲम्प असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर ॲम्पच्या आवाजाच्या वॅटवरून ठरवू नका. मागच्या पाटीवर तो भिंतीतून किती वॅट ओढतो ते लिहिलेलं असतं, त्याच्या दुप्पट क्षमतेचा घ्या. पाटीवर फक्त ६० हर्ट्झ लिहिलं असेल तर आपल्या ५० हर्ट्झवर आतला ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो. स्वस्त स्टेप-डाउनला बाहेर फक्त दोन पिनांचं सॉकेट असतं, म्हणजे अर्थ (अर्थिंग) तिथेच तुटली.

आणि अर्थवरच खरी बोंब आहे. हम (सततची घूं) येतो म्हणून थ्री-पिनची मोठी पिन काढून टाकणारे शहाणे अजूनही भेटतात. गिटारच्या तारा ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. पिन काढली आणि ॲम्पमध्ये काही बिघडलं, की हात तारेवर आणि ओठ मिक्सरच्या माइकवर, मधला रस्ता तुमच्या शरीरातून जातो. हम घालवायचाच असेल तर ॲम्प आणि मिक्सरच्या मधल्या डीआय बॉक्सवरचं (सिग्नल मिक्सरला देणारी डबी) ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. त्याने सिग्नलची अर्थ तुटते, विजेची नाही.

जोडणी करण्याआधी मल्टिमीटर एसी ७५० व्होल्टवर लावून बोर्ड तपासा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ दोन्ही शंभरच्या आगेमागे दिसले तर अर्थची वायर कुठेच पोचलेली नाही, नुसती लोंबकळतेय. जनरेटरवर हे फार होतं. मांडववाल्याला सांगून अर्थचा रॉड ठोकून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच ती तोडणारा स्विच) बसवून घ्या. शेवटी मीटरची एक टोकणी गिटारच्या तारेला आणि दुसरी माइकच्या जाळीला लावा. पाच-सहा व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर गायचं नाही, आधी ॲम्प आणि मिक्सरचे दोन्ही प्लग एकाच बोर्डवर आणायचे.

हम कुठून येतोय हे ओळखायला गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा. हम गेला तर सिंगल कॉइल पिकअप (तारांखालचा, एकाच वेटोळ्याचा चुंबक) जवळच्या ट्रान्सफॉर्मर किंवा लाइटिंगचा गोंगाट पकडतोय, जागा बदला. तसाच राहिला तर ॲम्प किंवा वीज. जाड, गोल ५० हर्ट्झचा हम बहुधा ग्राउंड लूपचा (दोन यंत्रं दोन वाटांनी अर्थला जोडल्याचा). त्याच्या एक सप्तक वरचा, १०० हर्ट्झचा खरखरीत असेल तर पॉवर सप्लायचे कपॅसिटर म्हातारे झालेत.

ट्रू बायपास (बंद असताना सिग्नल थेट पुढे सोडणारं) पेडलच चांगलं, हेही सरसकट खरं नाही. गिटारच्या वायरीची कपॅसिटन्स (उंच सूर खाणारा गुण) मीटरला साधारण १०० पिकोफॅरड असते. गिटारपासून पेडलपर्यंत ६ मीटर, पेडलपासून ॲम्पपर्यंत ६ मीटर, मध्ये मीटरभर पॅचकॉर्ड, झाले १३०० पिकोफॅरड. स्ट्रॅटच्या (फेंडरची स्ट्रॅटोकास्टर गिटार) पिकअपचं वरचं टोक, म्हणजे तो सर्वात जोरात वाजतो ती जागा, ६ मीटर वायरीवर ३.८ किलोहर्ट्झच्या आसपास असतं, ते १३ मीटरवर २.७ पर्यंत घसरतं. सगळी पेडलं बंद असतानाही आवाजावर घोंगडी टाकल्यासारखं वाटतं, ते यामुळे. सुरुवातीला एक बफर (लांब वायरीपुढे सिग्नल टिकवणारं सर्किट) लावा, बॉसचं कुठलंही साधं पेडल चालतं. फक्त जुन्या पद्धतीचं फझ (आवाज खूप फाटवणारं पेडल) असेल तर ते बफरच्या आधी. जर्मेनियमचं फझ मे महिन्यात ४० अंशांत वेगळं वाजणार आणि डिसेंबरात वेगळं. ते बिघडलेलं नाही, उष्णतेने त्या ट्रान्झिस्टरचा गळका प्रवाह वाढतो.

डिजिटल आणि ॲनालॉग पेडलं एकाच फाट्यांच्या वायरीवर चालवली की मागे बारीक 'चीं' ऐकू येते. डिजिटल पेडलाला वेगळा ॲडॅप्टर द्या. ९ व्होल्ट, मधली पिन निगेटिव्ह, आणि मिलिअँपिअरची बेरीज करून वर चौथाई शिल्लक.

पावसाळ्यानंतर आवाज मध्येच दबतोय, व्हॉल्यूम जोरात फिरवला की परत येतोय? दुरुस्तीला टाकण्याआधी ॲम्पच्या मागे सेंड आणि रिटर्न (बाहेरची पेडलं मध्ये जोडण्याच्या जागा) या दोन जॅकमध्ये एक छोटी पॅचकॉर्ड लावा. आवाज नीट झाला तर रिटर्न जॅकमधली पत्ती काळी पडली आहे. प्लग भिंतीतून काढा, कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा जॅकमध्ये मारा, पॅचकॉर्डची पिन त्यात पंधरा-वीस वेळा आत-बाहेर करा, दहा मिनिटं सुकू द्या. गंजावर मारायचं तेल वापरू नका, थर राहतो आणि धूळ चिकटते.

लाकडाबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. इलेक्ट्रिक गिटारमध्ये स्पीकर आणि पिकअपची उंची यांच्यापुढे लाकूड फार मागे राहतं. स्ट्रॅटवर शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि तार ते पिकअपच्या चुंबकाचं अंतर मोजा: जाड तारेखाली २ मिलिमीटर, बारीक तारेखाली १.६. याहून जवळ आणलं तर चुंबक जाड तारेला ओढतो, वरच्या फ्रेटवर एकाच सुरात दोन सूर भांडल्यासारखे ऐकू येतात आणि लोक ब्रिजचे (तारांच्या खालच्या आधाराचे) स्क्रू फिरवत बसतात.