जावा: सबक्लासमधील फील्ड वाचताना मूळ क्लासचेच मूल्य मिळते – माझा अनुभव

‘खाते’ या मूळ क्लासमध्ये ‘दर’ हे फील्ड (ऑब्जेक्टमधील मूल्य साठवणारी जागा) ४.० होते, ‘मुदतखाते’ या सबक्लासमध्ये (मूळ क्लासवरून बनवलेल्या क्लासमध्ये) ते त्याच नावाने ६.५ असे पुन्हा घोषित केलेले होते. तरीही ‘मुदतखाते’चा ऑब्जेक्ट ‘खाते’ प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये ठेवून ‘दर’ वाचला की ४.० च मिळे. कंपायलरची कसलीही तक्रार नव्हती. नव्याने बिल्ड करून उपयोग झाला नाही. कास्ट केल्यावर, म्हणजे ऑब्जेक्टला ‘मुदतखाते’ प्रकारचा मानून वाचल्यावर, ६.५ मिळाले, पण जागोजागी कास्ट करणे हा उपाय नव्हे. जीव अगदी मेटाकुटीला आला.

डीबगरमध्ये ऑब्जेक्ट उघडला, तेव्हा त्यात ‘दर’ नावाची दोन फील्ड दिसली. जावामध्ये इन्स्टन्स मेथड (ऑब्जेक्टवर चालणारी मेथड) ओव्हरराइड होते, म्हणजे सबक्लासमधील मेथड मूळ मेथडची जागा घेते, आणि कोणती चालवायची हे प्रोग्राम चालताना ऑब्जेक्टच्या प्रत्यक्ष क्लासवरून ठरते. फील्ड मात्र केवळ झाकले जाते, आणि कोणते वाचायचे हे व्हेरिएबलच्या घोषित प्रकारावरून कंपाइल होतानाच ठरून जाते.

प्रथम सबक्लासमधील ‘दर’ची घोषणा काढून टाकावी. मग मूळ क्लासमधील ‘दर’ प्रायव्हेट आणि फायनल करून त्याचे मूल्य कन्स्ट्रक्टरच्या पॅरामीटरमधून घ्यावे. त्यानंतर सबक्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये पहिल्याच ओळीत सुपर कॉलमधून (मूळ क्लासच्या कन्स्ट्रक्टरला बोलावून) ६.५ पाठवावे, आणि बाहेरून वाचण्यासाठी मूळ क्लासमध्ये गेटर मेथड (‘दर’चे मूल्य परत देणारी मेथड) लिहावी.

‘दर’ हिशेबाने काढायचा असल्यास तीच मेथड सबक्लासमध्ये ओव्हरराइड करावी. परंतु ती मूळ क्लासच्या कन्स्ट्रक्टरमधून बोलावू नये, कारण त्या क्षणी सबक्लासच्या फील्डना मूल्ये मिळालेली नसतात आणि उत्तर ०.० येऊ शकते.