एक्सव्ही६ मध्ये पिड नेमस्पेस कशी घालावी

कंटेनर, म्हणजे बाकी यंत्रापासून वेगळा ठेवलेला प्रोसेसचा गट, ही एकसंध वस्तू म्हणून लिनक्स कर्नललाही ठाऊक नाही. त्याच्याकडे आहेत त्या सुट्या सुट्या नेमस्पेस (प्रत्येक नेमस्पेस आतल्या प्रोसेसना यंत्राच्या एका गोष्टीचे वेगळे चित्र दाखवते), आणि त्या एकेक करून आल्या: माउंट नेमस्पेस २००२ मध्ये २.४.१९ सोबत, पिड, म्हणजे प्रोसेसच्या नंबरांची, नेमस्पेस २००८ मध्ये २.६.२४ सोबत, यूजर नेमस्पेस २०१३ मध्ये ३.८ सोबत, टाइम नेमस्पेस २०२० मध्ये ५.६ सोबत. एवढा वेळ का लागला हे समजून घ्यायचे तर एक नेमस्पेस स्वतः बांधून पाहावी. त्यासाठी एमआयटीचा शिकवण्यासाठी लिहिलेला छोटा कर्नल, एक्सव्ही६ची रिस्क-व्ही प्रोसेसरसाठीची आवृत्ती, अगदी योग्य. पिड नेमस्पेस आधी घ्या. तिच्यात नव्या प्रोसेसला नंबर देणे सोपे असते. सगळी अडचण प्रोसेस मरताना येते.

एक नियम सुरुवातीलाच पक्का करा. कर्नलच्या आत प्रोसेसची ओळख म्हणजे पॉइंटर. आकडा फक्त सिस्टिम कॉलच्या उंबरठ्यावर येतो, आणि तिथेही तो 'कोणाला दाखवायचा' यावर ठरतो.

डेटा स्ट्रक्चर

एक्सव्ही६ मध्ये बाइटच्या हिशेबाने मेमरी देणारा अ‍ॅलोकेटर नाही; केॲलॉक ४०९६ बाइटचे पान देतो. म्हणून ८ नेमस्पेसचे स्थिर टेबल ठेवा. प्रत्येकीत पातळी, पालक नेमस्पेसचा पॉइंटर, तिच्या इनिट (पहिल्या, नंबर १ च्या) प्रोसेसचा पॉइंटर, पुढचा नंबर (सुरुवात १ पासून), रेफरन्स काउंट आणि 'मरते आहे' हा झेंडा. या सगळ्याचे रक्षण आधीच असलेले पिड-लॉक करेल.

प्रत्येक प्रोसेसची माहिती ठेवणाऱ्या स्ट्रक्ट प्रॉकमध्ये तीन गोष्टी वाढवा: स्वतःची नेमस्पेस, पुढच्या मुलाची नेमस्पेस, आणि नंबरांचा ॲरे. ॲरे ४ पातळ्यांचा पुरे. लिनक्समध्ये मर्यादा ३२ आहे. आत जन्मलेल्या प्रोसेसला तिच्या पातळीपासून मुळापर्यंत प्रत्येक पातळीवर वेगळा नंबर मिळतो. जुना पिड हा फील्ड काढू नका, त्यात मुळाचा नंबर राहू द्या. ट्रॅपचे संदेश आणि कंट्रोल-पी दाबल्यावर येणारी यादी यांना तोच हवा.

नवा सिस्टिम कॉल, समजा अनशेअर, २२ क्रमांकावर बसतो, कारण २१ वर क्लोज आहे. तो कॉल करणाऱ्याचा नंबर बदलत नाही, फक्त 'पुढच्या मुलाची नेमस्पेस' बदलतो. चालू प्रोसेसचा नंबर मध्येच बदलला तर तिने आधी विचारून जपून ठेवलेला आकडा खोटा ठरतो. लिनक्सही असेच वागतो.

एका बाबतीत मात्र लिनक्सपेक्षा कडक राहा. पहिले मूल झाले की हा पॉइंटर परत स्वतःच्या नेमस्पेसवर आणा आणि त्याचा रेफरन्स मुलाकडे सोपवा. लिनक्समध्ये बाहेरचा पालक एकामागून एक मुले आत सोडू शकतो. तशी मुले इनिटच्या वंशातली नसतात, आणि आवराआवर फार अवघड होते.

आकडे कुठे बदलतात

गेटपिड स्वतःच्या पातळीचा नंबर देतो. नवे मूल बनवणारा फोर्क पालकाला मुलाचा नंबर पालकाच्या नजरेतून देतो. इथे हमखास चूक होते: मुलाचा स्वतःच्या पातळीवरचा नंबर परत दिला की बाहेरच्या पालकाला १ मिळतो, आणि तो पुढे किल(१) करून भलत्याच प्रोसेसला मारू पाहतो. मेलेल्या मुलाला गोळा करणाऱ्या वेटचेही तसेच. वेट मुलाला पॉइंटरने शोधतो, त्यामुळे तिथला शोध बदलायला नको, फक्त परत द्यायचा आकडा बदला. किलमध्ये दोन तपासण्या लागतात: समोरची प्रोसेस माझ्या नेमस्पेसमध्ये किंवा तिच्या वंशात आहे का, आणि माझ्या पातळीवरचा तिचा नंबर जुळतो का. नेमस्पेसच्या इनिटला आतून किल केले तर -१ द्या; बाहेरून चालेल.

नव्या प्रोसेसला टेबलात जागा देणाऱ्या ऑलॉकप्रॉकमध्ये नेमस्पेस 'चालू प्रोसेसकडून' घेण्याचा मोह आवरा. हे फंक्शन बूटच्या वेळी पहिली प्रोसेस बनवणारे यूजरइनिटही बोलावते, आणि तेव्हा मायप्रॉक (चालू प्रोसेसचा पॉइंटर) शून्य असतो. नेमस्पेस पॅरामीटर म्हणून पाठवा.

दुसरा खड्डा अपयशी फोर्कचा. इनिट व्हायच्या मुलाला नंबर १ मिळाला, मग पेज टेबल कॉपी करताना मेमरी संपली आणि फ्रीप्रॉकने ती जागा मोकळी केली. पुढच्या प्रयत्नात मुलाला २ मिळेल आणि नेमस्पेस बिनइनिटची राहील. म्हणून फ्रीप्रॉकमध्ये जाणारी प्रोसेस स्वतःच इनिट असेल तर इनिट पॉइंटर शून्य आणि पुढचा नंबर १ करा. लिनक्सच्या पिड वाटपाच्या कोडमध्येही पहिलाच नंबर फसला तर मोजणी मागे नेणारी खास ओळ आहे.

मरण

अनाथ मुले आता मुळाच्या इनिटकडे नव्हे, तर मेलेल्या पालकाच्या नेमस्पेसच्या इनिटकडे जातात. 'पालकाच्या' हा शब्द महत्त्वाचा. अनशेअर करणारी बाहेरची प्रोसेस मेली तर तिचे मूल, म्हणजे आतला इनिट, बाहेरच्या इनिटकडेच जायला हवे. मुलाच्या नेमस्पेसवरून ठरवले तर इनिट स्वतःचाच पालक होऊन बसेल. अनाथांना नवा पालक देणाऱ्या रीपेरेंटमधला वेकअपही त्याच नव्या पालकाला द्या.

आतला इनिट एक्झिट करतो तेव्हा पुढचा क्रम पाळा.

१. पिड-लॉक घेऊन 'मरते आहे' झेंडा लावा आणि लॉक सोडा. नंबर देणारा कोड याच लॉकखाली झेंडा पाहील आणि फोर्क नाकारेल.

२. प्रोसेस टेबलच्या ६४ जागा फिरा. प्रत्येकीचे लॉक घेऊन, ती या नेमस्पेसमधली किंवा तिच्या वंशातली असेल आणि हाच मरणारा इनिट नसेल तर किल्ड (मारल्याची खूण) लावा. झोपलेली असेल तर रनेबल करा.

३. सगळी मुले गोळा होईपर्यंत थांबा.

४. मग नेहमीचा एक्झिट, पण 'इनिट एक्झिटिंग' हा पॅनिक (कर्नलच थांबवणारी चूक) फक्त मुळाच्या इनिटसाठी ठेवा.

लॉकचा क्रम इथे जीव की प्राण आहे. ऑलॉकप्रॉक आधी प्रोसेसचे लॉक घेतो आणि ते हातात असतानाच पिड-लॉक घेतो. म्हणून दुसऱ्या पायरीत पिड-लॉक धरून प्रोसेसचे लॉक मागितले तर दोन कोर एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकतील. क्रम बरोबर असेल तर फोर्कची शर्यत आपोआप सुटते: नव्या मुलाला नंबर झेंड्याआधी मिळाला असेल, तर त्याचे लॉक अजून फोर्क करणाऱ्याकडे आहे, मारणारी फेरी तिथे थांबेल आणि मग किल्ड लावेल. अट एकच, नेमस्पेस पॉइंटर ते लॉक सुटण्याआधी भरलेला हवा.

तिसरी पायरी वेट वापरून करायला जाऊ नका. वेटमध्ये अशी अट आहे की मुले नसतील किंवा स्वतःवर किल्ड लागलेले असेल तर लगेच -१. इनिटला बाहेरून मारले असेल तर किल्ड लागलेलेच आहे. मग वेट एकही मूल न गोळा करता परत येतो, इनिट झॉम्बी (मेलेला पण पालकाने अजून गोळा न केलेला) होतो, आणि आतल्या प्रोसेस मेलेल्या इनिटच्या पॉइंटरला चिकटून राहतात. चाचणीत इनिट आपणहून बाहेर पडला तर सगळे ठीक दिसते, मारला तरच बिघडते. त्यामुळे ही चूक बरेच दिवस लपते. वेटच्या लूपची प्रत करा, किल्डची तपासणी काढा, आणि ती एक्झिट स्वतः वेट-लॉक घेण्याआधी चालवा.

नेमस्पेसचा रेफरन्स एक्झिटमध्ये नाही, फ्रीप्रॉकमध्ये सोडा. झॉम्बीचा नंबर तिच्या पालकाला अजून वाचायचा असतो.

फाइलसिस्टिमचे मूळ

आकडे वेगळे झाले तरी फाइली सगळ्यांना त्याच दिसतात. स्ट्रक्ट प्रॉकमध्ये रूट इनोड (मूळ डिरेक्टरीची नोंद) ठेवा आणि पाथ शोधणाऱ्या नेमएक्समध्ये दोन बदल करा: '/' ने सुरू होणारा पाथ या रूटपासून चालवा, आणि रूटवर उभे असताना '..' आले तर जागचे हलू नका. पहिला बदल करताच मशीन बूट होईनासे होते, कारण यूजरइनिट नेमआय('/') बोलावतो आणि तेव्हाही मायप्रॉक शून्यच असतो. त्या वेळी जुन्या पद्धतीने रूट डिव्हाइसचा इनोड द्या. रूट बदलणाऱ्या कॉलने चालू डिरेक्टरीही तिथेच न्यायला हवी. ती बाहेर राहिली तर '..' करत वर जाताना नवे रूट वाटेत लागतच नाही आणि प्रोसेस सरळ निसटते.

मर्यादा आणि चाचणी

नेमस्पेस नजर झाकते, हात बांधत नाही. आतल्या एका फोर्क-बॉम्बने (न थांबता फोर्क करणाऱ्या प्रोग्रामने) ६४ जागा भरल्या की बाहेरचा शेलही फोर्क करू शकत नाही. लिनक्समध्ये हे काम सीग्रुपचा (साधनांच्या वापरावर मर्यादा घालणाऱ्या सोयीचा) पिड्स कंट्रोलर करतो, जो ४.३ मध्ये आला. इथे मूळ सोडून प्रत्येक नेमस्पेसला १६ ची कमाल द्या आणि मोजणी सगळ्या पूर्वज नेमस्पेसमध्येही धरा, नाहीतर आत आणखी एक नेमस्पेस उघडून मर्यादा चुकवता येईल.

चाचणीचा प्रोग्राम असा: अनशेअर, फोर्क, आत गेटपिड १ येतो का पाहा, आतून तीन मुले काढून झोपवा, बाहेरून इनिटला मारा, वेटने दिलेला आकडा फोर्कने दिलेल्याशी जुळतो का तपासा. हे २०० वेळा चालवा. आठव्या फेरीला अनशेअर -१ देऊ लागले तर नेमस्पेसचा रेफरन्स गळतो आहे, कारण टेबल ८ चे आहे आणि त्यातली एक जागा मुळाची. तेव्हा कंट्रोल-पीच्या यादीत फेरीला तीन या हिशेबाने झॉम्बी दिसले तर मूळ कारण तेच: त्यांचा रेफरन्स फ्रीप्रॉक होईपर्यंत सुटत नाही. काहीच न छापता अडकले तर लॉकचा क्रम तपासा. आधी एका कोरवर चालवा, मग तीनवर. शेवटी कंट्रोल-पी दाबल्यावर यादीत फक्त इनिट आणि शेल उरले पाहिजेत.