डोंगरातली इवली रानफुलं ओळखताना या चुका टाळा

रंगावरून नाव शोधायला लागू नका. फर्गेट-मी-नॉटची कळी बऱ्याचदा गुलाबी असते आणि उमलली की निळी होते. शिवाय निळ्या-जांभळ्या छटा कॅमेऱ्यात हमखास बदलतात. आधी मोजा: पाकळ्या किती, सुट्या की तळाशी जुळलेल्या, पुंकेसर किती. चार सुट्या पाकळ्या आणि सहा पुंकेसर, त्यांतले चार लांब व दोन आखूड, असं दिसलं तर फुलं ओळखायच्या पुस्तकात मोहरीचं कुळ उघडा. एवढ्यानेच बहुतेक नावं गळून पडतात.

पाकळी वाटते ती पाकळी असेलच असंही नाही. एडलवाइसच्या पांढऱ्या लोकरी ‘पाकळ्या’ ही खरं तर पानंच. खरी फुलं मधल्या पिवळसर गोंड्यांत दाटीने बसलेली असतात. १० पट मोठं दाखवणारं भिंग जवळ ठेवा. ते डोळ्याला लावून स्वतः खाली वाका, फूल तोडून वर आणू नका.

सगळ्यांत महागात पडते ती वरून एकच फोटो काढण्याची सवय. फुलाच्या मागची हिरवी दलं, पानाची खालची बाजू, दांड्यावरची लव, पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, यांतलं काहीच त्यात येत नाही. तळाची पानं तर आवर्जून शोधा. हेअरबेल या निळ्या घंटेसारख्या फुलाची दांड्यावरची पानं गवतासारखी अरुंद, तळाची मात्र गोलसर; आणि ती फुलं येईपर्यंत अनेकदा सुकून गेलेली असतात. मापासाठी शेजारी पट्टी ठेवून एक फोटो घ्या.

खडक कोणता तेही लिहून ठेवा. आल्प्समध्ये निळ्या कर्ण्यासारख्या फुलांच्या जेंशियनच्या दोन जाती पटकन वेगळ्या ओळखू येत नाहीत; त्यांतली जेंशियाना क्लूसी चुनखडीवर वाढते, जेंशियाना अकॉलिस आम्लधर्मी जमिनीवर.

फूल मिटलेलं दिसलं तर? बरीच जेंशियन ढग आले की मिटतात. ऊन पडल्यावर परत या.

फुलं ओळखणाऱ्या अ‍ॅपने सुचवलेली प्रजाती (जीनस) बऱ्याचदा बरोबर निघते, नेमक्या जातीवर (स्पीशीज) मात्र पडताळल्याशिवाय विसंबू नका.

आणि गुडघा टेकण्याआधी खाली बघा. मॉस कँपियन या जमिनीलगत पसरणाऱ्या रोपाची हिरवी गादी शंभराहून जास्त वर्षांची असू शकते. गुडघा उघड्या खडकावरच टेका.