टोमॅटोने मान टाकली? झारी उचलण्याआधी हे बघा

भर दुपारी कुंडीतल्या टोमॅटोची पानं लोंबली की हात आधी झारीकडे जातो. थांबा. संध्याकाळी ती आपोआप ताठ झाली, तर तो नुसता उन्हाचा ताण होता. सकाळीही मान खालीच असेल तर मातीत बोटाची दोन पेरं खुपसा. कोरडी लागली तर पाणी द्या. ओली, चिकट लागली तर मुळं गुदमरली आहेत. पाणी बंद करा आणि कुंडीचं भोक मोकळं करा. (घरची झाडं तहानेपेक्षा लाडानेच जास्त मरतात, असं माझं मत.)

पिवळेपणा कुठून सुरू झाला तेही पाहा. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर बहुधा नत्र कमी आहे, कारण झाड जुन्या पानांतलं नत्र काढून शेंड्याला पुरवतं. मूठभर गांडूळखत घाला. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, तर लोह. बोअरच्या जड पाण्याने माती अल्कधर्मी झाली की मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. अशा वेळी चिलेटेड लोह (झाडाला सहज शोषता येईल अशा रूपातलं लोह) फवारा.

पानं वाटीसारखी वर वळून आखडली असतील तर खत नकोच; पान उलटून पांढरी माशी शोधा, कारण पानं आखडवणारा विषाणू तीच पसरवते.