फ्युएल पंप नवा, तरी गाडी चालू राहत नाही: तपास कुठून सुरू करावा

टाकीतला फ्युएल पंप बदलल्यावर गाडी सेल्फ मारताच सुरू होते, दोन-चार सेकंद चालते आणि बंद पडते, तेव्हा बहुतेक जण नवा पंपच खराब निघाला असे ठरवून दुसरा आणायला निघतात. ही घाई करू नये. संशय आधी कामात हात लागलेल्या जागांवर घ्यावा, आणि बंद पडण्याच्या क्षणी पेट्रोलचे प्रेशर किती आहे हे पाहिल्याशिवाय काहीही विकत घेऊ नये. (येथे साध्या एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या, पेट्रोल गाडीचाच विचार केला आहे.)

काम मोकळ्या हवेत करावे. पाइप सोडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे लाइनमधले प्रेशर उतरते. मगच बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी.

प्रेशर गेज फ्युएल रेलच्या (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीच्या) टेस्ट पोर्टला लावावा. तसा पोर्ट नसेल तर पाइपमध्ये टी (तीन तोंडांचा जोड) जोडून घ्यावी. प्रेशर साधारण 3 ते 4 बार असते, पण आपल्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा. आता फ्यूज आणि बॅटरीची वायर परत जोडून गाडी सुरू करावी आणि नजर गेजच्या काट्यावर ठेवावी.

गाडी बंद पडतानाही काटा जागचा हलला नाही, तर पंप निर्दोष आहे. सुरू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडणाऱ्या गाडीत डॅशबोर्डवरचा इमोबिलायझरचा (किल्ली न ओळखल्यास इंजिन बंद करणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेचा) दिवा लुकलुकतो का ते पाहावे. अॅक्सिलरेटर दाबून धरल्यावर गाडी चालत असेल आणि पाय काढताच बंद पडत असेल, तर कारण अनेकदा आपणच काढलेली बॅटरीची वायर असते: ईसीयूने (इंजिनाच्या कॉम्प्युटरने) लक्षात ठेवलेले आयडलचे, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालण्याचे, प्रमाण पुसले जाते आणि थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) काजळलेली असल्यास इंजिनाला पुरेशी हवा मिळत नाही. थ्रॉटल बॉडी साफ करून मॅन्युअलमधल्या पद्धतीने आयडल पुन्हा शिकवावे लागते.

किल्ली ऑन करताच पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो, प्रेशर चढते, गाडी सुरू होते आणि लगेच काटा कोसळतो, असे घडत असेल तर वीजपुरवठा तपासावा. ईसीयू पंपाला सुरुवातीला थोडा वेळच वीज देतो आणि इंजिन फिरत असल्याचा क्रँक सेन्सरचा सिग्नल मिळाला, तरच रिले (पंपाची वीज चालू-बंद करणारा स्विच) पुढे चालू ठेवतो. व्होल्टेज मोजताना मात्र एक चूक सर्रास होते. पंपाच्या वायरींचा कपलर (प्लग) काढून मोजल्यास मल्टिमीटर खुशाल 12 व्होल्ट दाखवतो, कारण त्या वायरवर लोडच नसतो. कपलर जोडलेला ठेवून, पंप चालत असताना मागच्या बाजूने मोजावे. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून अधिक कमी भरले, तर रिले, काळवंडलेली पिन किंवा अर्थिंग यांपैकी काहीतरी सैल आहे.

काटा मुळात वर चढतच नसेल किंवा हळूहळू उतरत असेल, तर टाकी पुन्हा उघडण्यावाचून इलाज नाही. मी एकदा असेच मागच्या सीटखालचे टाकीचे झाकण उघडले, तेव्हा जुनी ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) खोबणीत तशीच चिकटलेली होती आणि नवी तिच्यावर तिरकी बसली होती. पंप पेट्रोल ढकलत होता, पण त्यातले निम्मे टाकीतच परत पडत होते. पंपापासून झाकणापर्यंतच्या आखूड नळीचेही तसेच. तिथे बाहेरच्या लाइनचा साधा रबरी पाइप लावू नये, कारण पेट्रोलमध्ये बुडून तो फुगतो आणि क्लिपखाली चिरतो. बुडवून वापरण्यासाठीच बनवलेली नळी मागून घ्यावी. स्ट्रेनर (पंपाच्या तोंडाची जाळी) टाकीच्या तळाशी दुमडलेला नाही ना, हेही पाहावे. शिवाय पंप बसवताना फ्लोटचा (पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या तरंगत्या तुकड्याचा) दांडा अडकला, तर टाकी रिकामी असूनही डॅशबोर्डवरचा पेट्रोलचा काटा पाव टाकी दाखवतो, म्हणून पाच लिटर पेट्रोल घालून पाहण्यात कमीपणा मानू नये.

पंधरा-वीस मिनिटांनी बंद पडणारी गाडी असेल, तर त्याच वेळी टाकीचे टोपण उघडावे. हवा आत खेचली गेल्याचा जोरदार आवाज येऊन गाडी पुन्हा ठीक चालू लागली, तर टाकीची हवेची वाट बंद झाली आहे.

दोष सापडल्यावर मागची सीट लगेच बसवू नये. किल्ली चार-पाच वेळा ऑन-ऑफ करून प्रेशर चढवावे, टॉर्चच्या उजेडात झाकणाभोवती बोट फिरवून ओल लागते का ते पाहावे, आणि बोट कोरडे निघाले तरच सीट जागेवर ठेवावी.