परदेशी कंपनीची रिमोट मुलाखत देताय? या चुका टाळा

गेल्या मार्चमध्ये माझ्या मावसबहिणीची एका अमेरिकी कंपनीतली तिसरी फेरी हुकली. आधीच्या दोन्ही फेऱ्या रात्री साडेआठला झाल्या होत्या, म्हणून हीसुद्धा साडेआठलाच असणार असं धरून ती साडेसातला जेवायला बसली. साडेआठला लिंक उघडली तर पलीकडे कुणीच नाही. मेलमध्ये दोन ओळी होत्या: पंधरा मिनिटं वाट पाहिली, आता पुढची मीटिंग आहे. मला फोन आला तेव्हा ती रडकुंडीला आली होती. "दादा, मी वेळ वहीत लिहून ठेवली होती रे." लिहिलेली होतीच. पण त्याच आठवड्यात अमेरिकेतली घड्याळं एक तास पुढे सरकली होती.

मी गेली काही वर्षं सांगलीत बसून परदेशी टीमबरोबर काम करतो. अशा मुलाखती भरपूर दिल्या, आणि आता टीमसाठी घेतोही. दोन्ही बाजूंना बसल्यावर एक गोष्ट पक्की कळली. आपल्याकडची मुलं ज्ञानात कमी पडून नापास होतात असं फारसं घडत नाही. जे त्यांच्या डोक्यात असतं ते पलीकडे पोचतच नाही, आणि अडचण तिथे होते. ऑफिसात समोरासमोर बसलेल्या माणसाला तुमचा चेहरा दिसतो, कागदावरची खाडाखोड दिसते, तुम्ही विचार करताय हे दिसतं. रिमोटमध्ये यातलं काहीच आपोआप दिसत नाही, ते तुम्हाला दाखवावं लागतं.

आधी वेळेचा घोळ संपवू. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. युरोपात आणि ब्रिटनमध्ये हेच मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतं. म्हणून न्यूयॉर्कमधले सकाळचे दहा आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचे साडेआठ, तर उन्हाळ्यात साडेसात. लंडन आपल्या मागे कधी साडेपाच तास, कधी साडेचार. सॅन फ्रान्सिस्कोच्या माणसाने 'गुरुवारी दुपारी साडेचार' म्हटलं, तर हिवाळ्यात आपल्याकडे शुक्रवारची पहाट असते, सहाची. वेळ वहीत उतरवून घेऊ नका. कॅलेंडरचं आमंत्रण स्वीकारा आणि मुलाखतीच्या आदल्या दिवशी ते उघडून पाहा. तुम्ही वेळ सुचवत असाल तर नुसतं 'आयएसटी' लिहू नका. आयर्लंड आणि इस्रायलमध्येही हीच अक्षरं वापरतात, आणि डब्लिनमधला माणूस त्याचा त्याच्या परीने अर्थ लावून मोकळा होतो. 'भारतीय वेळ' असं स्पष्ट लिहा, सोबत त्यांची वेळही लिहा.

आता त्या प्रकाराकडे येतो ज्यात आपली मुलं सर्वात जास्त गोंधळतात: आवाज नाही, चेहरा नाही, फक्त चॅटवर मुलाखत. ऐकून आश्चर्य वाटेल, पण वर्डप्रेस या संकेतस्थळं बनवायच्या सॉफ्टवेअरशी नाव जोडलेली ऑटोमॅटिक ही कंपनी अनेक वर्षं अशाच लेखी गप्पांमधून उमेदवार निवडत आली आहे. त्यामागचं कारण सरळ आहे. तिथली माणसं जगभर विखुरलेली आहेत आणि दिवसभर एकमेकांशी लिहूनच बोलतात. मग लिहिता येतं की नाही, हे तपासायला लिहायलाच लावणार.

अशा गप्पांत पहिली चूक म्हणजे गप्प बसणं. प्रश्न आला, की आपण नोटपॅडमध्ये निबंध लिहायला घेतो. सहा-सात मिनिटं पलीकडे काहीच जात नाही, मग एकदम पन्नास ओळींचा गठ्ठा जातो. तोवर समोरच्याला वाटलेलं असतं, की याची लाईट गेली किंवा हा कुठूनतरी शोधून आणतोय. त्यापेक्षा प्रश्न आल्याबरोबर एक ओळ टाका: "दोन मिनिटं विचार करतो, यात मला दोन बाजू दिसतायत." मग तीन-चार ओळींचे तुकडे पाठवत राहा. दुसरी चूक याच्या उलट, 'येस', 'ओके', 'शुअर' असे एका शब्दाचे निरोप. आणि तिसरी म्हणजे 'सर'. वयाने किंवा पदाने मोठ्या माणसाला नावाने हाक मारायला आपली जीभ वळत नाही, मला स्वतःला हे जमायला वर्ष लागलं. पण त्यांच्याकडे त्यात उद्धटपणा नाही. उलट वाक्यागणिक 'सर' आलं की त्यांना वाटतं, हा माणूस माझ्याशी असहमत होऊच शकणार नाही. आणि त्यांना तर दूर बसून 'हे चुकतंय' असं सांगणारा माणूस हवा असतो.

शब्दाशब्दांतही खड्डे आहेत. 'आय हॅव अ डाउट' म्हणजे आपल्या लेखी शंका, त्यांच्या लेखी अविश्वास. 'डू द नीडफुल' त्यांना कळतच नाही. 'क्वेश्चन' म्हणा, आणि नेमकं काय हवं ते सांगा.

यापेक्षाही महाग पडतो तो 'आम्ही'. आम्ही मायग्रेशन केलं, आम्ही बग शोधला, आम्ही वेग वाढवला. आपल्यावर संस्कारच तसे आहेत. 'मी' म्हणायला लाज वाटते, चार जणांनी मिळून केलेल्या कामावर आपलं नाव टाकल्यासारखं वाटतं. हा संस्कार चांगला आहे, सोडू नका. पण मुलाखत घेणाऱ्याच्या बाजूने विचार करा. त्याने तुम्हाला कधी पाहिलेलं नाही, तुमच्या साहेबांना तो ओळखत नाही. अर्धा तास 'आम्ही' ऐकल्यावर त्याच्या वहीत काय उतरतं? एका टीमने चांगलं काम केलं, एवढंच. मी मुलाखत घेताना मुद्दाम थांबवून विचारतो, "यातला तुझा भाग कोणता?" सगळे असं विचारत नाहीत. माझा उपाय सोपा आहे. आधी टीमचं सांगा, लगेच स्वतःचं सांगा: "आम्ही पाच जण होतो. डेटाबेसचा भाग माझ्याकडे होता. त्यात मी हे ठरवलं, कारण हे. आणि इथे माझा अंदाज चुकला." शेवटचं वाक्य गाळू नका. चूक सांगणारा उमेदवार माझ्या लक्षात राहतो.

लाइव्ह कोडिंगच्या फेरीतही हीच गोष्ट. स्क्रीन शेअर केलेली आहे, कर्सर लुकलुकतोय आणि मुलगा गप्प. एकदा एका उमेदवाराने अकरा मिनिटं एक शब्दही न बोलता योग्य उत्तर लिहिलं. उत्तर बरोबर असूनही तो कसा विचार करतो हे मला सांगता येईना, आणि त्याच्या बाजूने बोलायला माझ्याकडे काहीच उरलं नाही. आजही वाईट वाटतं. सरावाला घरातल्या कुणालातरी समोर बसवा, आई चालेल, धाकटा भाऊ चालेल. त्यांना कोड कळलं नाही तरी बिघडत नाही, बोलत बोलत लिहायची सवय लागते.

त्यानंतर प्रत्यक्ष कामाची चाचणी. ऑटोमॅटिकचे संस्थापक मॅट मुलेनवेग यांनी २०१४ मध्ये सविस्तर लिहिलं होतं, की नोकरी देण्याआधी ते उमेदवाराला काही काळ करारावर खरं काम देतात आणि त्याचे तासाला २५ डॉलर मोजतात. अभियंता असो की वित्तप्रमुख, दर एकच. काम रात्री किंवा शनिवार-रविवारी करायचं, म्हणजे हातातली नोकरी सोडावी लागत नाही. इतर अनेक कंपन्या चार-पाच तासांचा घरचा अभ्यास देतात, बहुधा बिनपैशाचा.

इथली सर्वात मोठी चूक म्हणजे काम घेऊन अदृश्य होणं. पाच दिवस पत्ता नाही, सहाव्या दिवशी एकदम तयार माल, एकाच कमिटमध्ये (म्हणजे कोडमधले सगळे बदल एकाच नोंदीत). आपल्या मनात असतं की साहेबांना पूर्ण करूनच दाखवावं. त्यांना मात्र वाटेतलं पाहायचं असतं: अडल्यावर विचारता का, ठरलेली वेळ पुरणार नाही हे आधी कळवता का. रोज चार ओळी पाठवा: आज काय केलं, कुठे अडलोय, उद्या काय करणार. छोटे कमिट करा आणि सोबत एका पानावर लिहा, की काय सोडून दिलं आणि का. चार तासांच्या कामाला वीस तास घातले असतील तर तेही सांगा. लपवलंत तर तुमचा वेग ते चुकीचा धरतील आणि पुढे तुम्हालाच भोगावं लागेल. आणि बिनपैशाचं काम आठवडाभराचं असेल, किंवा थेट त्यांच्या विक्रीच्या मालासारखं दिसत असेल, तर याचा मोबदला आहे का हे विचारायला संकोचू नका.

पैसे घेऊन चाचणी करणार असाल तर आधी सध्याच्या नोकरीचं नेमणूकपत्र काढून वाचा. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी जाहीरपणे सांगितलं होतं, की प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठीही काम करताना आढळलेल्या ३०० कर्मचाऱ्यांना काढण्यात आलं. तुमच्या पत्रात बाहेरच्या कामाला मनाई असेल तर नव्या कंपनीला तसं सांगा आणि दुसरा मार्ग आहे का ते विचारा. असा प्रश्न त्यांना नवा नसतो.

तांत्रिक तयारीचं थोडक्यात सांगतो. सध्याच्या कंपनीचा लॅपटॉप वापरू नका, त्यावर काय नोंदलं जातं ते तुमच्या हातात नाही आणि व्हीपीएन ऐन वेळी लिंक अडवतं. मॅकवर स्क्रीन शेअरची परवानगी दिली की ॲप बंद करून पुन्हा उघडावं लागतं, म्हणून ते आदल्या दिवशी उरका. ब्लूटूथ हेडफोनचा माइक सुरू झाला की आवाजाचा दर्जा घसरतो, साधा वायरचा इअरफोन बरा. लाईट जाणारच हे धरून चाला. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते. त्यामुळे राउटर इन्व्हर्टरवर घ्या आणि मोबाइलचं हॉटस्पॉट आधी जोडून पाहा. तरीही तुटलं, तर परत आल्यावर दहा वेळा माफी मागू नका. "वीज गेली होती, आता हॉटस्पॉटवर आहे, आपण अमुक मुद्द्यावर होतो," एवढं पुरे.

कॅमेरा बंद ठेवणं मात्र आता खरंच महागात पडतं. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने सावध केलं होतं, की रिमोट नोकऱ्यांच्या मुलाखतींत चोरलेली ओळख आणि बनावट चेहरे वापरले जातायत. जुलै २०२४ मध्ये तर नोबीफोर या सायबर सुरक्षा शिकवणाऱ्या कंपनीनेच जाहीर केलं, की व्हिडिओवर मुलाखती घेऊनही त्यांनी नकळत उत्तर कोरियाचा एक बनावट कर्मचारी नेमला होता. त्यामुळे कुणी तुम्हाला मागचा आभासी पडदा काढायला किंवा चेहऱ्यासमोरून हात फिरवायला सांगितलं, तर अपमान मानू नका. दुसऱ्या स्क्रीनवरून एआयची उत्तरं वाचणाऱ्यांना एकच सांगतो: डोळे डावीकडून उजवीकडे सरकताना दिसतात, आणि "हे असंच का?" या पुढच्या प्रश्नावर सगळं थांबतं. एआय वापरायला परवानगी आहे का, हे सुरुवातीलाच विचारा. काही जण हो म्हणतात.

पैशांच्या बोलणीत डॉलरचा आकडा गुणून खूश होऊ नका. आधी विचारा, की मी कर्मचारी असणार की कंत्राटदार? कंत्राटदाराला पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, बहुधा आरोग्य विमाही नाही, आणि ॲडव्हान्स टॅक्स स्वतः भरायचा. दुसरं, आपल्या आयटीतला नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड. त्यांना वाटतं तुम्ही दोन-चार आठवड्यांत येणार. शेवटच्या फेरीत हे कळलं तर फसवल्यासारखं वाटतं, म्हणून पहिल्याच फोनवर सांगून टाका.

खऱ्या कंपन्याही चॅटवर मुलाखत घेतात, याचाच फायदा लबाड उचलतात. नामांकित कंपनीचं नाव लावून टेलिग्रामवर दहा प्रश्न विचारतात, लगेच ऑफर देतात आणि मग लॅपटॉप किंवा प्रशिक्षणाच्या नावाने पैसे मागतात. मेल कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरून आलाय का पाहा, ती जागा त्यांच्या संकेतस्थळावर आहे का पाहा. कुठलीही प्रामाणिक कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. पैसे गेलेच तर लाजून घरात बसू नका, ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितकी ती रक्कम थांबवणं अवघड.

मावसबहिणीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. मी तिला म्हटलं, माफीनाम्याचं पान लिहू नकोस, जे झालं ते तीन ओळींत लिही आणि दोन नव्या वेळा सुचव, दोन्ही देशांच्या. पाच दिवसांनी फेरी झाली. त्यात कॅशिंगच्या एका प्रश्नावर ती अडखळली आणि कॉल संपल्यावर तिला उत्तर सुचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ते मेलने पाठवलं, कॉलवर कुठे अडले होते आणि आता काय करेन, आठ ओळींत. चौथ्या फेरीतल्या माणसाने सुरुवातच त्या मेलपासून केली आणि पुढची वीस मिनिटं दोघं त्या आठ ओळींवरच बोलत होते.