नोंद आहे, पण शोधात सापडत नाही: डेटाबेसमधील चिन्हयुक्त अक्षरांबाबत या चुका टाळा

गोव्यातील पोर्तुगीज काळातल्या कागदपत्रांची सूची डेटाबेसमध्ये भरली, की 'जुझे' हे रोमन लिपीतले चार अक्षरी नाव दोन रूपांत येते. काही नोंदींत शेवटच्या 'ई'वर तिरकी रेघ असते, काहींत नसते. शोधणारा साध्या कळफलकावरून रेघेविना नाव टाइप करतो आणि रेघ असलेल्या नोंदी त्याला दिसतच नाहीत. अशा वेळी बहुतेक जण लगेच क्वेरी बदलू लागतात, आणि सर्वाधिक वेळ खाणारी चूक हीच असते. कॉलममध्ये प्रत्यक्षात कोणते बाइट साठवले आहेत, हे आधी पाहिले पाहिजे.

मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीत यासाठी अक्षरे मोजणारे 'कॅर-लेंग्थ' आणि बाइट मोजणारे 'लेंग्थ' ही दोन फंक्शने पुरेशी बोलकी आहेत. यूटीएफ-८ या, एका अक्षराला एक ते चार बाइट देणाऱ्या संकेतपद्धतीत नीट साठवलेले, रेघेसह असलेले हे नाव ४ अक्षरांचे आणि ५ बाइटांचे भरते. उत्तर ५ अक्षरे व ६ बाइट असे आले, तर साधा 'ई' आणि त्यावर बसणारी रेघ असे दोन वेगळे संकेत साठवले गेले आहेत. मॅकवरील जुन्या फाइल प्रणालीतून आलेल्या फाइलनावांत हा प्रकार हमखास आढळतो. ५ अक्षरे व ७ बाइट असे उत्तर आले, तर यूटीएफ-८ मजकूर वाटेत कुठेतरी लॅटिन-१ ही जुनी, एका अक्षराला एकच बाइट देणारी पद्धत समजून वाचला गेला आणि पुन्हा यूटीएफ-८ करून साठवला गेला आहे. पडद्यावर पहिले दोन प्रकार अगदी सारखे दिसतात, म्हणून डोळ्यांवर विसंबू नये. शंका राहिल्यास 'हेक्स' फंक्शनने बाइट उघडून पाहावेत.

तिसऱ्या प्रकारात टेबलाचा कॅरेक्टर सेट (अक्षरे साठवण्याचा संकेतसंच) बदलून दुरुस्ती होईल असे समजणे चुकीचे आहे. तो बदल बिघडलेली अक्षरेच इमानाने नव्या संचात उतरवतो. मजकूर आधी लॅटिन-१ मध्ये, मग निव्वळ बायनरीत आणि शेवटी यूटीएफ-८ मध्ये असा उलट्या वाटेने न्यावा लागतो, आणि तोही केवळ बिघडलेल्या ओळींपुरता, कारण धडधाकट ओळींवर हीच क्रिया चालवल्यास त्या बिघडतात. बॅकअप घेतल्याखेरीज हे करू नये. सोबतच कनेक्शनचा कॅरेक्टर सेटही तपासावा, नाहीतर उद्याच्या नोंदी पुन्हा तशाच येतील.

मायएसक्यूएलच्या जुन्या 'यूटीएफ-८' प्रकारात एका अक्षराला ३ बाइटांची मर्यादा आहे, म्हणून चिन्हयुक्त अक्षरे सापडत नाहीत, असा एक गैरसमजही रूढ आहे. रेघ असलेला 'ई' २ बाइटांत आणि देवनागरीचे प्रत्येक संकेत-अक्षर ३ बाइटांत मावते; ती मर्यादा इमोजींसारख्या ४ बाइटांच्या अक्षरांना नडते. ४ बाइटांची अक्षरेही सामावणाऱ्या 'एमबी-४' प्रकाराकडे जरूर वळावे, पण त्याने शोध सुधारेल ही अपेक्षा ठेवू नये.

शोधात रेघ धरायची की सोडायची, हे कोलेशन, म्हणजे अक्षरांची तुलना आणि क्रम यांचा नियमसंच, ठरवते. २०१८ साली आलेल्या मायएसक्यूएल ८.० चे मूळ कोलेशन चिन्हभेद आणि लहान-मोठ्या अक्षरांचा भेद दोन्ही सोडून देते, तर नावाच्या शेवटी 'बिन' असलेले कोलेशन कोणताही भेद सोडत नाही. नमुन्याशी मजकूर ताडून पाहणारे 'लाइक' मात्र एकेक अक्षर जुळवत जाते, त्यामुळे बरोबरीच्या चिन्हाने सापडलेली नोंद 'लाइक'ने हुकू शकते. शिवाय चिन्ह सोडणे सर्वच भाषांना मानवत नाही. लाटेसारखे चिन्ह असलेला 'एन' स्पॅनिशमध्ये स्वतंत्र अक्षर आहे आणि त्याचा मान राखणारे स्पॅनिश कोलेशन मायएसक्यूएलमध्ये वेगळे दिलेले आहे.

मराठी मजकुराची अडचण याहून खोल आहे आणि तिच्याकडे फारच थोडे लक्ष दिले जाते. 'दऱ्या' या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो: कोणी ०९३१ हा 'ऱ'चा संकेत आणि हलन्त वापरतो, तर कोणी साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एका रूपात आणणारे युनिकोडचे सामान्यीकरण हे दोन्ही एक करत नाही. जोडचिन्ह नुसते काढून टाकले तर 'दर्या' उरतो, म्हणजे डोंगरदऱ्यांऐवजी समुद्र हाती येतो. म्हणून र, हलन्त व जोडचिन्ह या तिघांच्या जागी 'ऱ' व हलन्त घालणारा नियम स्वतःच लिहावा लागतो. 'ॲ'चेही तसेच आहे: २००८ पासून त्याला स्वतंत्र संकेत आहे, परंतु अनेक नोंदींत तो अ आणि त्यावर चंद्र असा लिहिलेला असतो, आणि युनिकोड या दोहोंना समान मानत नाही.

याच कारणाने, चिन्हे काढण्याचा तयार कोड जसाच्या तसा उचलणे ही मला सर्वांत घातक चूक वाटते. 'सुटी न राहणारी सर्व चिन्हे काढा' असा नियम युरोपीय नावांवर उत्तम चालतो, पण आपले उकार, एकार आणि अनुस्वारही युनिकोडच्या त्याच वर्गात मोडतात. त्या नियमातून 'पुणे' गेले की बाहेर 'पण' येते. रेघा काढायच्या असतील तर ०३०० ते ०३६एफ या पट्ट्यातल्याच काढाव्यात.

शुद्ध केलेले रूप मूळ मजकुरावर लिहू नये. शोधासाठी वेगळा कॉलम ठेवावा, तो नोंद साठवतानाच भरावा आणि इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) त्यावर बांधावा. शोधशब्दही त्याच फंक्शनमधून गेला पाहिजे. पोस्टग्रेस ही दुसरी डेटाबेस प्रणाली वापरणाऱ्यांनी 'अनअ‍ॅक्सेंट' या चिन्हे काढणाऱ्या फंक्शनवर थेट इंडेक्स बांधायला जाऊ नये, कारण ते 'इम्युटेबल', म्हणजे त्याच मजकुराला नेहमी तेच उत्तर देण्याची हमी असलेले, नसल्याने सर्व्हर नकार देतो.

सर्व काही नीट चालू असताना सर्व्हर नव्या लिनक्सवर हलवला आणि शोध अचानक चुकू लागला, तर कोडमध्ये दोष शोधण्याआधी ग्लिबसी या लिनक्सच्या मूलभूत लायब्ररीची आवृत्ती पाहावी. २०१८ च्या २.२८ आवृत्तीत तिचे अक्षरक्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. ते नियम वापरणारे पोस्टग्रेसमधील जुने इंडेक्स त्या क्रमाशी जुळत नाहीत आणि टेबलात असलेली नोंदही शोधात येत नाही. तेथे मजकुराच्या कॉलमांवरील इंडेक्स 'री-इंडेक्स' करून नव्याने बांधावे लागतात.